कोच के आणि दुसऱ्यांचा जल्लोष

२४ मार्च २०१६. अनाहाइम, कॅलिफोर्निया. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. गतविजेत्या ड्यूक विद्यापीठाचा पराभव आता ठरल्यातच जमा आहे. चेंडू ऑरेगनच्या डिलन ब्रुक्सच्या हातात आहे आणि शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू बास्केटकडे टाकण्याची ठरलेली मुदत, संपत आलीय. वीस वर्षांचा हा पोरगा लांबून चेंडू भिरकावतो. थेट बास्केटमध्ये! तीन गुण. ब्रुक्स जल्लोष करतो. ८२-६८.

आता पुढचं दृश्य नीट बघा. दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतायत. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शिशेफ्स्की, म्हणजे सगळ्या अमेरिकेचे 'कोच के', वय ६९, ब्रुक्सपाशी थांबतात आणि त्याला काहीतरी सुनावतात. काय, ते ब्रुक्सनेच पत्रकारांना सांगितलं: तू इतका चांगला खेळाडू, शेवटी शेवटी असा दिखावा तुला शोभत नाही. वर म्हणाला, त्यांचं बरोबरच आहे.

शिशेफ्स्कींना विचारलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. मी असं बोललोच नाही! पण तो संवाद मायक्रोफोनने टिपला होता. ध्वनिफीत बाहेर आली आणि मग त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या संघाच्या खेळाडूला बोलणं हे माझं काम नव्हतं, अशी कबुलीही दिली.

देशभरातले चाहते भडकले ते काही एवढ्या एका वाक्यावर नाही. त्याच फेब्रुवारीत ड्यूकच्या ग्रेसन अ‍ॅलनने दोन वेगवेगळ्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना पाय घालून पाडलं होतं. एकाही सामन्याची बंदी नाही. ऑरेगनविरुद्धही तो खेळत होताच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! डिसेंबरमध्ये अ‍ॅलनने तिसऱ्यांदा पाय घातला, बाकावर बसून थयथयाट केला, तेव्हा कुठे 'बेमुदत' निलंबन झालं. ही बेमुदत एका सामन्यात संपली.

शिशेफ्स्कींना भावनेचंच वावडं होतं, असं मात्र नाही. बचाव करताना ड्यूकचे खेळाडू दोन्ही तळव्यांनी जमिनीवर थापा मारतात, ती तर या संघाची ओळख. समोरच्याला डिवचणारीच ती कृती. मग ब्रुक्सच्या आनंदाला दिखावा का म्हणायचं? त्या काळी या मुलांना खेळण्याचा पगार नव्हता, शिष्यवृत्ती तेवढी मिळायची. प्रशिक्षक मात्र कोट्यधीश. निदान जिंकल्यावर ओरडायची मुभा तरी त्यांना असावी की नाही?

आणि घरच्या प्रेक्षकांची तरी कुठे सुटका होती! डरहॅममधलं ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम. कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याला जागा मिळावी म्हणून विद्यार्थी इथे थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. त्या तंबूनगरीला नावही शिशेफ्स्कींचंच. २८ जानेवारी २०२० रोजी पिट्सबर्गचा संघ इथे आला. त्यांचे प्रशिक्षक जेफ केपल, ड्यूकचेच माजी खेळाडू आणि शिशेफ्स्कींचे माजी सहायक. विद्यार्थ्यांनी घोषणा सुरू केली: जेफ केपल, आमच्यात येऊन बस! साधी थट्टा. शिशेफ्स्की मध्यंतराला थेट पोरांवर धावून गेले. गप्प बसा, तो आपला माणूस आहे! नंतर चूक मान्य केली, माफीही मागितली.

५ मार्च २०२२. ड्यूकमधल्या बेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीतला त्यांचा कॅमेरॉनवरचा शेवटचा सामना. माजी खेळाडूंनी बाकं भरलीयत आणि समोर नेमकं नॉर्थ कॅरोलायना. ड्यूक हरलं, ९४-८१. निरोपासाठी शिशेफ्स्कींनी माइक घेतला आणि आजच्या दुपारबद्दल क्षमा मागितली. लोक त्यांना धीर द्यायला ओरडू लागले.

त्यांनी सगळ्यांना आधी शांत राहायला सांगितलं. मग म्हणाले, आजचा खेळ खपवून घेण्यासारखा नव्हता.