गादीखालची कैची

(दृश्य: हडपसर-सासवड रस्ता, दिवे घाटाचा पायथा. रिकामी ट्रॉली ओढणारा जुना ट्रॅक्टर खड्ड्यातून जातो. कॅमेरा चालकाच्या कमरेशी.)

जीपला पाटे असतात, मोटरसायकलला शॉकअप असतात. या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना त्यातलं काहीच नाही. मागचा ॲक्सल थेट ट्रॅक्टरच्या अंगाला बोल्टनं आवळलेला. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो, पण स्प्रिंग त्यालाही नाही. खड्डा, बांध, उसाची सरी, चाकाखाली जे येईल त्यातलं थोडं टायर झेलतो आणि बाकीचं वर येतं. ते अडवायला एकच जागा उरते, ती म्हणजे चालकाची सीट. तिची झीज झाली की तिचं काम चालकाच्या मणक्याला करावं लागतं, दिवसाचे आठ-दहा तास.

(दृश्य: शेडमध्ये उभा ट्रॅक्टर. फाटलेलं रेक्झिन, त्यावर बांधलेलं पोतं.)

सीट खराब झाली की बहुतेक जण आधी गादी बदलतात. चार इंची मऊ फोम, वर चकचकीत रेक्झिन. पहिले दोन दिवस बरं वाटतं, मग हिसके पूर्वीपेक्षा जास्त बसतात. असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. टायरवर उभा ट्रॅक्टर शेतात साधारण सेकंदाला दोन ते चार वेळा खालीवर होतो. नुसत्या फोमवर बसलेला माणूसही जवळपास त्याच गतीनं, सेकंदाला चारेक वेळा, उसळतो. दोन्ही गती जुळल्या की फोम हिसका कमी न करता वाढवतो. माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे, म्हणजे नेमके तेच. गादीखालच्या कैचीचं, म्हणजे कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या दांड्यांचं, आणि स्प्रिंगचं काम वेगळं. चालकासकट सगळी सीट त्यांनी संथ झुलवायची असते, सेकंदाला दीड-एक वेळा. ती कैची अडकलेली असेल, तर वरची गादी कितीही महागाची घ्या, फरक पडणार नाही.

म्हणून तपासणी खालून वर करायची. त्याच्याही आधी टायरची हवा बघायची. ऊस वाहताना भरलेली जादा हवा शेतात तशीच ठेवली, तर चांगली सीटही दणके देते.

(दृश्य: हाताने सीट दाबून सोडली जाते. ती चार वेळा उसळते.)

सीट दोन्ही हातांनी तळापर्यंत दाबा आणि सोडा. एक-दीड हेलकाव्यात ती थांबली पाहिजे. इथे चार झाले, म्हणजे शॉकअप संपला. आता पाठीचा टेका धरून आडवं हलवा. बोटभर खेळ दिसला, तर कैचीच्या सांध्यातल्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, गेले. शेवटी चालकाला बसवून खाली डोकवा. नुसत्या वजनानंच कैची रबरी ठोकळ्यावर टेकली असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा वजनाची कळ (चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचा ताण बदलणारी) चुकीच्या जागी आहे. तिघांपैकी काय बिघडलंय, हे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

(दृश्य: चाकांना दगड लावले जातात.)

ट्रॅक्टर सपाट जागी उभा, अवजार जमिनीवर टेकवलेलं, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, चावी खिशात. सीटखाली स्विचची वायर असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तारही काढून ठेवायची. बुडाला बहुधा चार बोल्ट असतात. जुन्या मॅसी किंवा महिंद्रा बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरवर ते इंची आट्यांचे सापडतात. ३/८ इंची बोल्टच्या डोक्याला ९/१६चा पाना लागतो. १४चा त्यावर बसत नाही, १५चा सैल बसून डोकं गोल करतो. गंजलेल्या आट्यांवर आदल्या संध्याकाळी डिझेल सोडून ठेवलं, की सकाळी छिन्नी-हातोडी लागत नाही.

(दृश्य: सीट बाकावर. कैचीच्या बाजूला दोन ताण-स्प्रिंगा.)

इथे थांबा. सगळ्या कामात इजा होते ती याच टप्प्यावर. वजनाची कळ आधी सगळ्यात हलक्या खुणेवर आणायची, तरीही स्प्रिंगेत ताण उरतोच. पक्कड लावून हूक ओढला आणि सुटला, की तो सरळ तोंडाकडे येतो. सोपी पद्धत अशी: सीट दाबली की स्प्रिंग लांब होते आणि वेटोळ्यांमध्ये फट पडते. सीट दाबून ठेवा, कैचीत लाकडी ठोकळा अडकवा आणि प्रत्येक फटीत एकेक वॉशर सरकवा. मग ठोकळा काढून सीट हळूहळू वर येऊ द्या. वॉशरमुळे स्प्रिंग लांबच राहते आणि हूक हातानं निघतो. बसवतानाही स्प्रिंग अशीच चढवायची आणि वॉशर शेवटी काढायचे. ठोकळा असेपर्यंत बोटं कैचीत जाऊ शकतात, तो नसताना अजिबात नाही.

(दृश्य: व्हर्नियरमध्ये पिन. मधोमध झिजून कमरेसारखी बारीक झालेली.)

पिन १२ मिलिमीटरची होती. टोकांना अजून १२ आहे, मध्ये ११.३. सात दशांश मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण कैचीच्या दांड्या लांब असतात, त्यामुळे खालचा एवढासा खेळ गादीपर्यंत पोचेतो बोटभर होतो. नवी पिन ईएन-८ या पोलादाच्या ब्राइट बारमधून (गुळगुळीत दांड्यातून) लेथवर काढायची. भोसरीत असं काम करणारे टर्नर गल्लोगल्ली आहेत. त्यांना नुसतं माप सांगू नका, जुनी पिन आणि जुना बुश दोन्ही हातात द्या. बुश गनमेटलचा असेल, तर पिनेला पाच ते दहा शतांश मिलिमीटर मोकळीक पुरते. नायलॉनचा असेल तर थोडी जास्त ठेवायची, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि पहिल्या पावसात कैची जाम होते. बुश हातोडीनं ठोकू नये, बाकाच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबून बसवावा. ठोकलेल्या बुशाचं तोंड आत वळतं, मग पिन घुसत नाही म्हणून पिनच घासली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं.

पत्र्यातलं भोकच लांबट झालं असेल, तर काम वाढतं. ते वेल्डिंगनं बुजवून पुन्हा ड्रिल मारण्याचा मोह होतो. वेल्डिंगची जागा कडक होते, ड्रिल सरकतं आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत राहत नाहीत. त्यापेक्षा भोक मोठं करून त्यात कॉलर (जाड नळीचा तुकडा) बसवावी. दोन्ही बाजूंच्या कॉलरमधून एकच सरळ बार घालावा आणि बार आत असतानाच टाके मारावेत. बार हातानं फिरतोय ना, हे प्रत्येक टाक्यानंतर बघावं.

(दृश्य: तेल गळालेला शॉकअप, शेजारी मोटरसायकलचा शॉकअप.)

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथून मोटरसायकलचा शॉकअप आणून सीटखाली बसवलेला बऱ्याचदा दिसतो. आमचं मत स्पष्ट आहे: तो बसवू नये. त्यावरची स्प्रिंग अख्ख्या गाडीसाठी आणि दोन माणसांसाठी केलेली असते. एकट्या चालकाच्या वजनानं ती पुरेशी दबत नाही. बदली शॉकअप घेताना तीन मापं न्यावीत: पूर्ण उघडल्यावर कानापासून कानापर्यंतची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी आणि कानाच्या बुशाचं भोक. तो पूर्ण दाबला जाण्याआधी कैची रबरी ठोकळ्यावर टेकली पाहिजे, नाहीतर सगळा दणका शॉकअपच्या दांडीवर बसतो. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघडझाप करायची. दुकानात आडवा पडून राहिल्यावर हवा झडपेपर्यंत आलेली असते.

(दृश्य: फोमचे दोन थर कापले जातात.)

खालचं काम झालं, आता गादी. सोफ्याचा मऊ फोम नको, एका हंगामात त्याची पोळी होते. खाली ४० मिलिमीटर रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे चिकटवून केलेला), वर ४० ते ५० मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम, घनता घनमीटरला ५० किलो किंवा जास्त. यापेक्षा जाड केलं, तर सीट उंच होते आणि क्लच पूर्ण दाबायला पाय लांबवावा लागतो. बुडाच्या पत्र्याला पाणी निघायची भोकं असतात. ती बुजली असतील तर मोकळी करा, नसतील तर ८ मिलिमीटरची चार पाडा. मावळ-मुळशीकडे भाताच्या चिखलणीत गादी दिवसभर भिजते आणि भिजलेला फोम पत्रा आतून खातो. रेक्झिन आणि फोमच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालावा. शिवण वर, बसायच्या जागी येऊ देऊ नये. रेक्झिन चढवण्याआधी पंधरा मिनिटं उन्हात ठेवलं की ते छान ताणलं जातं आणि कोपऱ्याला चुण्या पडत नाहीत.

दुरुस्ती कुठे थांबवायची, हेही ठरवायला हवं. पिना, बुश, शॉकअप, फोम बदलता येतात. पण कैचीच्या दांडीला वळणापाशी चीर असेल किंवा बुडाचा पत्रा गंजून चाळणी झाला असेल, तर नवी सीट घ्यावी. बोल्टच्या भोकांमधलं लांबी-रुंदीचं अंतर, दोन मडगार्डमधली जागा आणि जुन्या सीटची चालक बसल्यावरची उंची, ही मापं कागदावर हवीत. नवी सीट पूर्ण खाली दबल्यावर हायड्रॉलिकच्या कळीला लागत नाही ना, हे बोल्ट आवळण्याआधी पाहायचं.

(दृश्य: सीट परत ट्रॅक्टरवर. पुढे-मागे सरकवून बघितली जाते.)

सीट ज्यावर सरकते त्या रुळांना ग्रीस लावायचं नाही. धुळीबरोबर त्याची कानस होते. तेलाचा हलका हात पुरे. सीट सरकवल्यावर दोन्ही बाजूंची खाच एकदम बसली पाहिजे. एकच बसली, तर ब्रेक जोरात दाबताना सीट तिरकी सरकते. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले), नवे. १० मिलिमीटरचा बोल्ट ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा.

आता चालक बसतो आणि कैची तिच्या खेळाच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कळ फिरवतो. घरात ८५ किलोचे वडील आणि ५८ किलोचा मुलगा एकाच ट्रॅक्टरवर बसत असतील, तर दोघांच्या जागी रंगाची एकेक खूण करून ठेवायची, आणि बसणारा बदलला की कळही फिरवायची.

(दृश्य: नांगरलेलं रान. ट्रॅक्टर ढेकळांवरून जातो. चाक उसळतं, खांदे जागेवर.)

दहा तासांचं काम झालं की चारही बोल्टना पुन्हा एकदा पाना लावायचा. नवा रंग आणि वॉशर तोवर बसलेले असतात, आणि बोल्ट पाव आटा तरी घेतोच.