शिवण सापडली का?

नमस्कार श्रोतेहो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'हिमॅन्जिओमा' शब्द दिसला की घरात दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून आधीच सांगतो, ही यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ आहे, कॅन्सर नाही. पुन्हा सांगतो, कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही. बायकांमध्ये जास्त आढळते, तीही बहुधा दुसऱ्याच कशासाठी पोट तपासताना. खात्रीसाठी सुई घालून तुकडा काढणं शक्यतो टाळतात, रक्तस्रावाची भीती असते. डाय देऊन एमआरआय केला की गाठ कडेकडून आत भरत जाते, त्यावरून ओळखू येते.

5 सेंटिमीटरच्या वर गेली की तिला मोठी म्हणतात. पण नुसती मोठी आहे म्हणून कापत नाहीत. सतत दुखतंय, दोन घासांत पोट भरतंय, भराभर वाढतेय किंवा निदानाचीच शंका आहे, तरच.

मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. यकृताच्या डाव्या भागात नारळाएवढी गाठ, आणि दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चाललेल्या. मी कागदावर चित्र काढून समजावत होतो, की गाठीभोवती दबलेल्या पेशींचा पातळ पदर असतो, त्या फटीतून गाठ सोडवायची, चांगलं यकृत तसंच ठेवायचं. मावशींनी पिशवीतून मटाराची शेंग काढली. "म्हणजे असं ना? शिवणीवर अंगठा ठेवला की उघडते. दाण्यावर दाबलं की गेलं." इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं. सासवडचा मटार होता, गोड. ते फ्रीजरमधलं हिरवं जे काही मिळतं, त्याला मटार म्हणणं मला पटत नाही. असो.

ऑपरेशनमध्ये यकृताकडे येणारं रक्त चिमट्याने अडवतात. 1908 साली ग्लासगोच्या प्रिंगल या सर्जननी मांडलेली युक्ती. आम्ही 15 मिनिटं अडवतो, 5 मिनिटं सोडतो. मावशींच्या गाठीची पुढची बाजू सुरेख सुटली. मागे, शिरेजवळ, मी जरा घाई केली आणि रक्ताने सगळं भरून आलं. हात दाबून थांबलो, पुसलं, टाका घातला, पुन्हा फट शोधली.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर मावशींचा पहिला प्रश्न, "शिवण सापडली का?"

म्हटलं, "सापडली. पण मागच्या बाजूला एक दाणा चिरडला."

"होतं," मावशी म्हणाल्या. "कोवळी शेंग असली की होतं."