दफ्तर कोणाच्या ताब्यात : ब्रिटिश पंतप्रधानांची चरित्रे

(दृश्य : केंब्रिज, चर्चिल कॉलेजच्या अभिलेखागारातील कपाटे)

केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजमध्ये विसाव्या शतकातील दोन पंतप्रधानांची दफ्तरे एकाच छताखाली ठेवलेली आहेत. एक विन्स्टन चर्चिल यांचे, दुसरे मार्गारेट थॅचर यांचे. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास कागद आहेत. गेल्या काही वर्षांत ब्रिटिश मुत्सद्द्यांची जी जाडजूड चरित्रे प्रसिद्ध झाली, त्यांचे नवेपण लेखकाच्या मतांपेक्षा त्याच्या हाती कोणत्या कपाटाची किल्ली पहिल्यांदा आली, यावर अधिक अवलंबून आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे दरवाजे अभ्यासकांसाठी किती उशिरा उघडले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

थॅचर यांनी १९९७ साली पत्रकार चार्ल्स मूर यांना आपले चरित्र लिहिण्यास सांगितले, तेव्हा दोन अटी ठरल्या. हस्तलिखित त्या स्वतः वाचणार नाहीत आणि त्यांच्या हयातीत पुस्तक प्रसिद्ध होणार नाही. ८ एप्रिल २०१३ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात पहिला खंड वाचकांच्या हाती पडला. दुसरा २०१५ मध्ये आणि तिसरा २०१९ मध्ये आला. वरवर पाहता या अटी चरित्रनायिकेला गैरसोयीच्या होत्या, परंतु त्यांमुळेच जुने सहकारी आणि सनदी अधिकारी मोकळेपणाने बोलले, कारण आपले बोलणे बाईंच्या कानावर जाणार नाही याची त्यांना खात्री होती. मूर यांच्या हाती लागलेला सर्वांत मोलाचा ऐवज मात्र सरकारी नव्हता. थॅचर यांनी तरुणपणी थोरली बहीण म्युरिएल हिला लिहिलेली पत्रे त्यांना मिळाली. त्यांत कपड्यांच्या खरेदीचे बारकावे आहेत, नृत्याचे कार्यक्रम आहेत, आणि स्कॉटलंडकडच्या एका शेतकऱ्याची हकिकत आहे, जो आधी मार्गारेटच्या मागे होता आणि पुढे म्युरिएलचा नवरा झाला. थॅचर यांच्या स्वतःच्या आठवणींत यातले काहीही सापडत नाही. १९८२ साली अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धावरील प्रकरणे अर्थातच महत्त्वाची आहेत. तरी आपली प्रतिमा काटेकोरपणे जपणारी बाई या पत्रांत जितकी सैल सापडते तितकी अन्यत्र कुठे सापडत नाही.

(दृश्य : लॅम्बेथ पॅलेस, थेम्सच्या पलीकडून)

घराण्याने कागदांवर पहारा ठेवण्याची रीत जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांचे तीन खंडांचे चरित्र जॉन मोर्ले यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले. हेच मोर्ले पुढे भारतमंत्री झाले, आणि १९०८ साली लोकमान्य टिळकांना मंडालेला पाठवले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत. मोर्ले यांनी ग्लॅडस्टन यांचे राजकारण तपशिलाने मांडले, परंतु खासगी बाजू जवळजवळ वगळली. ग्लॅडस्टन सुमारे सत्तर वर्षे रोजनिशी लिहीत होते. रात्री लंडनच्या रस्त्यांवर वेश्यांना त्या जीवनातून बाहेर काढण्यासाठी ते फिरत, आणि मनात आलेल्या मोहाबद्दल स्वतःला शिक्षा करून घेतली की रोजनिशीत चाबकाची लहानशी खूण करत. घरच्यांनी १९२८ मध्ये ही रोजनिशी आर्चबिशपांच्या लॅम्बेथ पॅलेसमध्ये ठेवून दिली. ती १९६८ ते १९९४ या काळात चौदा खंडांत छापली गेली. त्यानंतर लिहिलेल्या कोणत्याही चरित्राला मोर्ले यांचा ग्लॅडस्टन पुरेनासा झाला.

चर्चिल यांनी तर घरच्यांवरही भार ठेवला नाही. १९४८ ते १९५४ या काळात त्यांनी दुसऱ्या महायुद्धाचा सहा खंडांचा इतिहास स्वतःच लिहिला. युद्धकाळातील आपली टिपणे वापरण्याची मुभा त्यांना होती, आणि मजकूर मंत्रिमंडळाचे सचिव नॉर्मन ब्रूक यांच्या नजरेखालून जात असे. जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याचे जे काम ब्लेचली पार्कमध्ये चालले होते, त्याचा त्यात उल्लेख नाही. ते गुपित १९७४ पर्यंत राखले गेले. अधिकृत चरित्राचे काम त्यांचा मुलगा रँडॉल्फ याने सुरू केले, १९६८ साली तो वारला, आणि मार्टिन गिल्बर्ट यांनी १९८८ मध्ये आठवा खंड पुरा केला. इतके झाल्यावर आणखी काय उरले असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. तरीही इतिहासकार अँड्र्यू रॉबर्ट्स यांना २०१८ च्या चरित्रासाठी नवे साधन मिळाले. राजे सहावे जॉर्ज युद्धकाळात दर मंगळवारी चर्चिल यांच्याबरोबर जेवत आणि झालेले बोलणे रोजनिशीत टिपून ठेवत. ती रोजनिशी पाहण्याची परवानगी एलिझाबेथ राणीने रॉबर्ट्स यांना दिली.

रॉबर्ट्स चर्चिल यांचे उघड चाहते आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी ते त्यांची पाठराखण करतात, आणि ती आपल्याकडच्या वाचकाला सहजासहजी पटणारी नाही. भारतमंत्री लिओ अमेरी हे चर्चिल यांचे शाळेपासूनचे परिचित आणि त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी आपल्या रोजनिशीत भारतीयांविषयीचे चर्चिल यांचे उद्गार जसे नोंदवले आहेत, ते वाचल्यावर वकिली करणाऱ्याचे काम अवघड होते. भारताच्या दृष्टीने पाहिले तर अधिकृत चरित्राच्या आठ खंडांपेक्षा ही रोजनिशी अधिक उपयोगाची आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

(दृश्य : मुंबई, १९२८ ची छायाचित्रे, काळे झेंडे)

चर्चिल यांच्यानंतर १९४५ मध्ये पंतप्रधान झालेल्या क्लेमंट ॲटली यांच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. त्यांनी कागद फारसे मागे ठेवलेच नाहीत, आणि १९५४ साली लिहिलेले आत्मचरित्र इतके कोरडे आहे की त्यातून माणूस हाती लागत नाही. त्यांच्या मजूर पक्षाचे विचारवंत हॅरॉल्ड लास्की १९४५ मध्ये वरचेवर जाहीर विधाने करू लागले, तेव्हा आपण काही काळ गप्प राहिलात तर बरे होईल, एवढेच ॲटली यांनी त्यांना कळवले. अशा मितभाषी माणसाचे चरित्र लिहिताना इतिहासकार जॉन ब्यू यांनी २०१६ साली वेगळी वाट धरली. ॲटली त्या त्या काळात काय वाचत होते यावरून त्यांनी त्यांच्या मनाचा माग काढला. लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तीतील काम, पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीची आघाडी, आणि त्यानंतर सायमन कमिशन. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी हे कमिशन मुंबई बंदरात उतरले, तेव्हा काळे झेंडे घेऊन निघालेला जमाव ज्यांना ‘परत जा’ म्हणत होता, त्यांत ॲटलीही होते. भारताच्या प्रश्नाची जी माहिती त्यांनी त्या वेळी गोळा केली, ती १९४७ मध्ये पंतप्रधान म्हणून निर्णय घेताना त्यांच्या कामी आली. चर्चिल यांच्या शेजारी ठेवले की ॲटली फिके वाटतात, ही समजूत या पुस्तकाने बरीच मोडली.

सरकारही आपल्या बाजूने कुलूप लावत असते. माजी मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये छापायला निघाली, तेव्हा सरकार न्यायालयात गेले आणि हरले. सरकारी कागद खुले करण्याची मुदत आधी पन्नास वर्षे होती, नंतर तीस झाली, आणि २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर आणण्यात आली. त्यामुळे टोनी ब्लेअर यांच्या काळातील फायली आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात वर्षागणिक बाहेर येत आहेत.

पुढच्या चरित्रकारापुढील पेच मात्र फायलींचा राहिलेला नाही. कोविड काळातील कारभाराच्या चौकशीने बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सॲप संदेश मागितले, तेव्हा ते संपूर्ण देण्याविरुद्ध सरकार न्यायालयात गेले आणि जुलै २०२३ मध्ये हरले. तरीही २०२० च्या पहिल्या सहामाहीतील सुमारे पाच हजार संदेश जॉन्सन यांच्या जुन्या फोनमधून परत मिळवता आले नाहीत. जॉन्सन यांचे आत्मचरित्र मात्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.