ऑन-रोड किंमत आणि तीन गल्ले

(बेळगावजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या दोन रांगांत पोरं बसलीत आणि मागं त्यांचे बाप, हे बघून बरं वाटलं. गाडी पोराला हवी असते आणि कर्जाच्या कागदावर सही बापाची असते, त्यामुळं आजचा विषय दोघांनी एकत्र ऐकलेला चांगला.

पत्रिकेवर छापलंय, 'नवी डर्ट बाइक घेताना डीलरचे जादा पैसे कसे टाळावेत'. मघाशी दारात एका आजोबांनी मला विचारलं, ही सर्कशीतली गाडी काय हो? नाही आजोबा. उंच असते, चाकाला खाचांचा टायर असतो, खड्ड्यात आदळली तरी कंबर वाचते. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात जाऊन बघा, तांबड्या चिखलात साधी गाडी कशी रुतून बसते. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या पाणंदीतून ट्रॅक्टरच्या चाकोरीतनं गाडी काढून बघा. आपल्या भागातल्या पोरांना ही गाडी आवडते त्याला कारण आहे. फक्त एक आताच सांगून ठेवतो, भीमगडच्या अभयारण्यात घालू नका. तिथं वन्यजीव कायदा आहे आणि ती जागा आपल्या हौसेची नाही.

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात झाली. वाहनकर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. फाइलमध्ये आधी कोटेशन लागतं, महिन्याभरानं टॅक्स इनव्हॉइस येतं, मग पॉलिसी, मग आरसी. हे कागद शेजारी शेजारी ठेवले की बेरीज जुळत नाही. माणसानं भरलेले पैसे जास्त आणि कागदांवर दिसणारे पैसे कमी. ही फट मी वर्षानुवर्षं बघत आलो, आणि तीच मला आज तुमच्यापुढं मांडायची आहे.

आपण शोरूममध्ये शिरलो की पहिला प्रश्न काय विचारतो? 'ऑन-रोड किती?' समोरचा एकच आकडा सांगतो. आपण तो घरी येऊन सांगतो, मग घरात त्याच्यावर वाद होतो, कर्ज त्याच्यावर निघतं. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न विचारणंच सोडून द्या. त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतले पैसे मिसळलेले असतात. एक सरकारचा गल्ला, एक विमा कंपनीचा आणि एक डीलरचा. पहिल्या दोन गल्ल्यांत गेलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तुमच्या नावावर निघते. निघालीच पाहिजे. ज्या रुपयाची पावती त्या दोघांकडून मिळत नाही, तो तिसऱ्या गल्ल्यात गेला. आणि तिसऱ्या गल्ल्यातला रुपया बोलून कमी करता येतो.

आपल्याला ते बोलायला जड का जातं, याचा मी खूप विचार केलाय. मागं बसलेल्यांना आठवत असेल, एक काळ असा होता की बजाज चेतक बुक केली की वर्षानुवर्षं नंबर यायचा नाही. नंबर लागलेली स्कूटर लोक वर 'ऑन', म्हणजे किमतीपेक्षा जादा पैसे, देऊन घ्यायचे. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत स्कूटरची बुकिंग पावती निघायची! लायसन्स-परमिटचा तो काळ गेला. आज शोरूमची पोरं रस्त्यावर तंबू टाकून गाड्या विकतात, टेस्ट राइड घ्या म्हणून फोन करतात. तरी आपल्या मनात अजून तेच बसलंय की गाडी मिळते म्हणजे समोरच्यानं उपकार केले. त्यात दसरा-पाडव्याचा मुहूर्त. मुहूर्तावर गाडी हवी असलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही, हे डीलरला चांगलं ठाऊक असतं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. शोरूमचं नाव, कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. भाचा खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतो. दसऱ्याच्या आधी घरी आला.

"मामा, दोन लाख सहा हजार ऑन-रोड म्हणायलेत. दसऱ्याला गाडी पाहिजे तर आजच पाच हजार भर म्हणायलेत."

"कागद बघू."

त्यानं खिशातनं व्हिजिटिंग कार्ड काढलं. कार्डाच्या मागं बॉलपेननं २,०६,००० लिहिलेलं आणि खाली दोन रेघा. बस्स. दोन लाखाच्या व्यवहाराचा कागद एवढाच! त्या दोन रेघा बघून मी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर निघालो.

शोरूममधला पोरगा वयानं भाच्याएवढाच, बोलायला गोड. मी म्हटलं, बाळा, हे सगळं फोडून, छापून, शिक्का मारून दे. थोडा वेळ गेला, पण प्रिंट आली. एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी-विम्याआधीची गाडीची किंमत, दीड लाख. आरटीओ ३४,५००. इन्शुरन्स १३,८००. एसेन्शियल किट ३,९००. हँडलिंग अँड लॉजिस्टिक्स २,५००. टेफ्लॉन कोटिंग १,२००.

पहिल्यांदा आरटीओ धरलं. कर्नाटकात एक लाखाच्या वरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के आहे, त्या करावर अधिभार. देशातल्या चढ्या दरांपैकी हा एक, त्याबद्दल डीलरला बोल लावता येत नाही. दीड लाखावर १८ टक्के म्हणजे सत्तावीस हजार, अधिभार धरला की तीसच्या घरात. मोटारसायकलची नोंदणी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे ५००. सगळं मिळून एकतीस हजारांच्या आसपास. मग साडेचौतीस कुठून आले?

"सर, त्यात आमचं सर्व्हिस धरलंय."

मी म्हटलं, नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा, हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत लिहिलंय. ते तुमचं कामच आहे. त्याचे पैसे आरटीओच्या नावाखाली कसे लावता? पोरगा आत गेला. मॅनेजर बाहेर आले.

त्यांच्याशी हँडलिंगवर बोलणं सुरू झालं. गोडाउनमधून गाडी आणायची, धुवायची, तपासायची, त्याचा खर्च, असं त्यांचं म्हणणं. आता बघा, एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आहे, कारखान्यापासून शोरूमपर्यंतची वाहतूक आहे आणि डीलरचं कमिशनही आहे. गाडी तपासून गिऱ्हाइकाच्या हातात देणं हे विक्रीचंच काम. मोटार वाहन कायद्यात आणि नियमांत सरकारी फीचा तक्ता आहे, त्यात हँडलिंग नावाची फी कुठंच नाही.

मग किट. त्यात काय काय होतं? सीट कव्हर, ग्रिप कव्हर, टाकीवर चिकटवायचा पॅड, साइड स्टँडचा तुकडा आणि हेल्मेट. हेल्मेटवर मी बोट ठेवलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ म्हणतो की दुचाकी विकताना उत्पादकानं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणाचं हेल्मेट द्यायचं. ते किटमध्ये घालून पैसे लावलेले! आणि टेफ्लॉन कोटिंग कशाला? भाचाच हसत म्हणाला, "मामा, पहिल्याच रविवारी जांबोटीच्या चिखलात जाणार हाय ही, चमक कुणाला दाखवू?" मॅनेजरसुद्धा हसले. पण सोडायला तयार नव्हते.

"आगोदिल्ला सर, नाही जमणार. हे पॅकेज आहे. सगळ्यांना कंपल्सरी."

मी आवाज चढवला नाही. आवाज चढवून काही होत नाही, आणि त्या पोराच्या पगारात आपल्या हँडलिंगचा रुपया जात असेल असंही नाही. मी एवढंच म्हटलं, 'किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, हे लेटरहेडवर लिहून द्या. आम्ही लगेच निघतो.' पाणी आलं. चहा आला. लेटरहेड काही आलं नाही. एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथेत मोडते, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी किट गेलं, हेल्मेट राहिलं. टेफ्लॉन गेलं, हँडलिंग गेलं. आरटीओपुढं 'पावतीप्रमाणे' असं लिहून मिळालं.

विम्यात मात्र आमचं पूर्ण जमलं नाही. बाहेरून पॉलिसी स्वस्त मिळत होती, पण ते म्हणाले, मग गाडी दसऱ्यानंतर. भाच्याचा चेहरा पडला. आईला सांगून आलेला, हार-नारळाची तयारी झालेली. घेतली तिथंच. एक गोष्ट तेवढी काढायला लावली. त्याच्या नावावर आधीची मोपेड होती आणि तिच्या पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा चालू होता. तो एकाच माणसाला दोनदा घ्यावा लागत नाही. कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

सगळे मिळून अकरा हजारांच्या वर वाचले. आणि हे पैसे कर्जातून जाणार होते, म्हणजे त्याच्यावर तीन वर्षं व्याज. पतसंस्थेत बसून मला सगळ्यात लागायचं ते हेच. सीट कव्हर एका पावसात फाटून जातं आणि त्याचा हप्ता मात्र चालूच राहतो.

आता कुणीतरी विचारणार, चंदगडला पाहुण्यांच्या पत्त्यावर घेतली तर? महाराष्ट्रात दुचाकीचा कर इंजिनाच्या आकारावर आहे, दहा ते बारा टक्क्यांच्या घरात. फरक मोठा आहे, मोह होतो, मला कळतं. आपली निम्मी सोयरीक तिकडंच. पण गाडी राहणार बेळगावात आणि नंबर कोल्हापूरचा, एमएच-०९ चा, हे कायद्याला धरून नाही. दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला करही मागतात. खोटा पत्ता दिला तर अपघातानंतर विम्याचा दावा करताना तोच अंगाशी येतो. चंदगडला खरोखर राहणाऱ्यांनी तिकडं जरूर घ्यावी.

...चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि जे सांगायला आलो ते तर आता कुठं सुरू करतोय. भराभर सांगतो, पोरांनो, लिहून घ्या.

बुकिंगचे पैसे भरायच्या आधी फोडलेलं कोटेशन शिक्क्यासह घ्या. कार्डाच्या मागचा आकडा चालणार नाही. कोटेशन इंग्रजीत असतं, कधी कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर मान हलवू नका, फोटो काढून आणा, या वाचनालयात वाचून देणारे आहेत. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, हे पावतीवरच लिहून घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिलेल्या हँडलिंगचा माग लागत नाही.

विमा. २०१८ च्या सप्टेंबरपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं, नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत दीडशे ते साडेतीनशे सीसीला पाच वर्षांचे ७,३६५ रुपये आहेत, जीएसटी वेगळा. तो सगळीकडं सारखा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्याच्यावर चढवलेले झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) वगैरे मात्र कंपनीगणिक बदलतात. पॉलिसी डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी बाहेरचं कोटेशन हातात असलं तर भाच्यासारखी अडचण होत नाही.

नंबर प्लेट. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीच देते, डीलर बसवतो, किंमत गाडीतच धरलेली आहे. वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

रस्त्यावर न चालणाऱ्या गाड्या. कावासाकीची केएक्स किंवा केएलएक्स १४० ही फक्त मैदानासाठी विकली जाते. तिला नोंदणी नाही, आजीवन कर नाही. अशा गाडीच्या कोटेशनवर आरटीओ लिहिलेलं दिसलं तर तो रुपया सरळ तिसऱ्या गल्ल्यातला. पण ती पेट्रोल पंपापर्यंतही चालवत नेता येत नाही, टेम्पोत घालून न्यावी लागते. घेण्याआधी नीट विचारून घ्या, ही नोंदणी होणारी आहे की नाही. एकाच नावाच्या गाडीचे दोन्ही प्रकार असतात.

गाडी घेतल्यानंतर सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावरून कराची आणि फीची पावती काढा आणि कोटेशनशी ताडून बघा. जास्त घेतलेले असतील तर आधी डीलरला लेखी पत्र, प्रत कंपनीला. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं कंपनीला प्रत गेल्यावरच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्याच्या पुढं बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, ऑनलाइनही दाखल होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली. गाडी हुबळीहून घेतलेली असो की बेंगळुरूहून, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. म्हणजे गेल्या वर्षीच्या दसऱ्याला गाडी घेतलेल्यांचीही मुदत अजून संपलेली नाही.

वेळ संपली. ज्यांनी कोटेशन बरोबर आणलंय त्यांनी पुढं या, प्रश्नोत्तरं त्या कागदांवरच करू.