काच थंड होते तेव्हा

(दृश्य: कन्व्हेयरवरून सलग सरकणारा काचेचा पट्टा. वर उजेडाची रांग, पट्ट्यात तिचं सरळ प्रतिबिंब.)

हा पट्टा कुठेच तुटलेला नाही. मागे भट्टीपर्यंत तो एकसंध आहे. रोज 600 टन काच ओतणाऱ्या भट्टीतून 4 मिलिमीटर जाडीचा, साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा काढला, तर तो ताशी सुमारे 700 मीटर पुढे सरकतो. दिवसरात्र. भट्टी एकदा पेटली की दहा-पंधरा वर्षं विझवत नाहीत, कारण गार होताना आतल्या विटा तडकतात आणि काच आतच थिजते.

(दृश्य: वाळूचे ढीग, मिक्सर.)

कच्चा माल साधा: सिलिका वाळू, सोडा अॅश, चुनखडी, डोलोमाइट, थोडं सोडियम सल्फेट आणि काचेचा चुरा. नुसती वाळू वितळवायला 1700 अंश सेल्सियस लागतील. सोडा ते तापमान खाली आणतो. पण सोडा आणि वाळू एवढ्यावरच थांबलं, तर होणारी काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करतो तो चुना. सल्फेटचं काम वेगळं. त्यातून सुटणारा वायू बारीक बुडबुड्यांना मोठं करून वर काढतो.

वाळूचा दाणा फार मोठा असेल, तर न वितळलेला खडा काचेत राहतो. फार बारीक असेल, तर धूळ उडून भट्टीच्या उष्णता साठवणाऱ्या जाळीदार विटांत बसते आणि हवेची वाट बुजवते. म्हणून मिश्रणात तीन-चार टक्के पाणी घालतात. धूळ दबते, आणि जड-हलके दाणे वाटेत वेगळे होत नाहीत.

(दृश्य: भट्टीची झरोक्यातली ज्वाला.)

आत साधारण 1500 ते 1600 अंश. ज्वाला दर वीसेक मिनिटांनी बाजू बदलते, म्हणजे एका बाजूच्या विटा तापतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या तापलेल्या विटा हवा गरम करून देतात.

(दृश्य: कथलाच्या टाकीचं रेखाचित्र.)

आता सपाटपणाचा प्रश्न. पूर्वी पत्र्यासारखी ओढलेली काच लाटांची असायची, आणि आरशासारखी सपाट हवी तर ती ओतून, दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करावी लागे. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स इथे अॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी 1950च्या दशकात वितळलेल्या कथलावर काच तरंगवली, आणि 1959 साली ही पद्धत जाहीर झाली. कथीलच का? ते 232 अंशांना वितळतं, 1100 अंशांनाही फारशी वाफ होत नाही आणि काचेहून कितीतरी जड असतं. हवेतल्या ऑक्सिजनने मात्र त्यावर साय धरते आणि तिचा डाग काचेला लागतो. म्हणून टाकीत नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो.

काच सुमारे 1050 अंशांना कथलावर येते आणि 600च्या आसपास निघते. तिला मोकळं सोडलं, तर ती पसरून सहा-सात मिलिमीटरवर थांबते. तिचं वजन पसरवायला बघतं, पृष्ठताण आवरून धरतो, दोघांची बरोबरी तिथे होते. त्याहून पातळ हवी तर कडांवर दातेरी चाकं टेकवून तिला ओढतात. जाड हवी तर तीच चाकं आतल्या दिशेने रेटतात. दात लागलेल्या कडा शेवटी कापून चुऱ्यात जातात.

खालच्या बाजूला कथलाचा अंश राहतोच. डोळ्यांना दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. काचेवर छपाई किंवा लेप करणारे आधी हे तपासतात.

(दृश्य: लांब बोगदा, त्यातून जाणारा पट्टा.)

काच तापवणं सोपं आहे. खरी कसोटी या बोगद्यात लागते. पट्टा 600 अंशांवरून खाली येताना 550 ते 480 या टप्प्यात फार सावकाश थंड करावा लागतो. घाई केली, की बाहेरची कातडी आधी थिजते आणि गाभा तिला मागाहून ओढत राहतो. हा ताण साठून राहतो. काच वरून चांगलीच दिसते. कटरचं चाक फिरलं, की चीर रेघ सोडून भलतीकडे धावते. कापणारा कटरला दोष देतो, खोट असते बोगद्याच्या तापमानात.

(दृश्य: टफनिंगची भट्टी, हवेचे फवारे.)

हाच ताण मुद्दाम, मापात घातला की टफन्ड काच होते. काच 620 ते 650 अंशांपर्यंत तापवतात, जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण 40 सेकंद, आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचा मारा करतात. पृष्ठभाग दाबात, गाभा ताणात. त्यामुळे ताकद चार-पाच पट वाढते, पण यानंतर ना कापता येते, ना भोक पाडता येतं. बिजागरीची खाच विसरली असेल, तर ती काच गेली.

(दृश्य: रॅकवर उभ्या काचा.)

काच रॅकवर पाच-सहा अंश कलती ठेवावी, मध्ये कागद किंवा पावडर. दोन काचांमध्ये ओल अडकली, तर पाणी सोडियम ओढून घेतं, क्षारयुक्त होतं आणि तेच काच खातं. तो पांढरा डाग पुसून जात नाही.

(दृश्य: दर्शनी भागातली फुटलेली काच, तुकड्यांचा क्लोज-अप.)

आणि कधी बसवलेली टफन्ड काच, कोणी हात न लावता, महिन्या-दोन वर्षांनी एकाएकी फुटते. बरेचदा कारण असतं निकेल सल्फाइडचा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण. 379 अंशांच्या वर त्याची रचना वेगळी असते. झटक्यात थंड केल्यामुळे ती तशीच अडकते, मग सावकाश बदलत फुगते. काही कारखाने म्हणून तयार काच 260 ते 290 अंशांत काही तास ठेवतात. कण फुगायचा तो तिथेच फुगतो. फुटलेल्या काचेत उगम शोधायचा, तर दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे एकमेकांना चिकटलेले बघा. कण असतो तो त्यांच्या जोडावर.