ती मयत कोणत्या गावची?

पत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय ‘ग्रामीण भागातील मातामृत्यूंचे मोजमाप’ असा छापलाय. मागच्या रांगेतल्या नर्सिंगच्या मुली आत्ताच जांभया देतायत, त्यांना माझी हरकत नाही. आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, मात्र जाग्या आहेत. हे मोजमाप शेवटी त्यांच्याच वहीतून सुरू होतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघूनच बोलतो.

आधी व्याख्या. बाई गरोदर असताना, किंवा बाळंतपण वा गर्भपात झाल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणामुळे किंवा त्याने बळावलेल्या आजाराने गेली, तर तो मातामृत्यू. पाठ करायला सोपं आहे, पण घरोघरी गेलं की घोळ सुरू होतो. भातखाचरात सातव्या महिन्याच्या बाईला साप चावला, तो मातामृत्यू नाही. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची बाई बाळंतपणाच्या ताणाने गेली, तर आहे. आणि विष घेतलं तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या वर्गीकरणात गरोदरपणातली आत्महत्याही मातामृत्यूतच धरली आहे. आपल्याकडे ती पोलिसांच्या कागदात जाते आणि तिथेच राहते.

त्या 42 दिवसांचीही गंमत आहे. आपण घरी विचारतो, “सव्वा महिन्याच्या आत गेली का?” कारण सव्वा महिना सगळ्यांना कळतो. पण सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. चाळिसाव्या दिवशी तापाने गेलेली बाळंतीण या प्रश्नातून निसटते. म्हणून बाळाच्या जन्माची तारीख घ्या, ती आठवत नसेल तर बारशावरून काढा, आणि दिवस स्वतः मोजा.

आता आकड्याकडे येतो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार, म्हणजे ज्याला आपण एसआरएस म्हणतो त्यानुसार, 2018-20 मध्ये भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 मातामृत्यू होते, महाराष्ट्रात 33. केरळात 19 आणि आसामात 195. हे आकडे वाचून दरवर्षी कोणीतरी अधिकारी मला विचारतो, “आमच्या पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा, दर किती?” तीस हजार लोकवस्तीच्या पीएचसीत वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं होतात. राज्याचा 33 चा दर तिथे लावला तर सहा-सात वर्षांत एक मृत्यू बसतो. पण यंदा तिथे एक बाई गेली, तर गणित सांगतं दर 222! पुढच्या वर्षी कोणीच गेलं नाही, तर शून्य. त्या दोन वर्षांत दवाखाना आधी कसाई झाला आणि मग केरळालाही मागे टाकून गेला का? दोन्ही वर्षी सिस्टर तीच होती, खाटाही त्याच होत्या.

मोठ्या पाहणीतही हेच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत देशाचा आकडा 424 निघाला, दुसऱ्या फेरीत 540. दुसऱ्या फेरीत सुमारे 91 हजार घरं पाहिली होती, तरीही दोन आकड्यांतला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. मातामृत्यू ही दुर्मिळ घटना आहे आणि दुर्मिळ घटना मोजायला फार मोठी चाळणी लागते. एसआरएसमध्ये देशभर साडेआठ हजारांहून अधिक नमुना घटक, म्हणजे निवडलेली गावं-वस्त्या, आहेत. तिथे स्थानिक गणक वर्षभर नोंद ठेवतो, दर सहा महिन्यांनी वेगळा पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणे विचारतो आणि मग दोन्ही याद्या जुळवतात. एवढं करूनही तीन वर्षांची माहिती एकत्र केल्याशिवाय आकडा जाहीर करत नाहीत.

नोंदच नसेल तिथे काय करायचं? 1989 साली वेंडी ग्रॅहम, विल्यम ब्रास आणि रॉबर्ट स्नो यांनी एक युक्ती मांडली आणि आफ्रिकेतल्या गांबियात ती वापरून दाखवली. मोठ्या माणसांना त्यांच्या बहिणींबद्दल विचारायचं. वयात आलेल्या बहिणी किती, त्यांतल्या आज हयात किती, गेल्या किती, आणि गेल्यांपैकी गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत किती. बस. एका माणसाकडून चार-पाच बायकांचं आयुष्य कळतं, म्हणून कमी घरांत काम भागतं. मला ही पद्धत आवडते, कारण भाऊ-बहिणी विसरत नाहीत. पण तिच्यातून मिळणारं चित्र दहा-बारा वर्षांपूर्वीचं असतं. आणि आता घरात दोनच मुलं असतात, मग विचारायला बहिणी आणायच्या कुठून?

आपल्याकडचा खरा गळतीचा मार्ग मात्र वेगळा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदलेलं, कार्ड तिथलं, लोहाच्या गोळ्या तिथल्या. आठव्या महिन्यात ती माहेरी गेली, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून सिव्हिलला रेफर, आणि वाटेत 108 च्या रुग्णवाहिकेतच वारली. आता ती मयत कोणत्या गावची? सासरची आशा म्हणते, ती तर माहेरी गेली होती. माहेरची म्हणते, माझ्या यादीत तिचं नाव नव्हतंच. रुग्णालय म्हणतं, आमच्याकडे पोचलीच नाही. तिघीही खरं बोलतात. मृत्यू नोंदणीच्या नमुना दोनमध्ये बाईसाठी साधा प्रश्न आहे : मृत्यू गरोदरपणात, प्रसूतीवेळी किंवा नंतर सहा आठवड्यांत झाला का? मी उघडून पाहिलेल्या फॉर्मांत तिथे बहुतेक वेळा न विचारताच ‘नाही’ लिहिलेलं असायचं. त्यात मीटिंगमध्ये मृत्यू सांगितला की उभं करून झापतात. मग कोण सांगेल?

म्हणून माझं म्हणणं असं, की तालुक्याने दर काढण्याच्या भानगडीत पडू नये. तो राज्याला काढू द्या. तालुक्याने 15 ते 49 वयाच्या बाईचा प्रत्येक मृत्यू नोंदवावा, कारण काहीही असो, आणि मग घरी जाऊन विचारावं की तिला दिवस गेले होते का, पोट पडलं किंवा पाडलं होतं का. आधी जाळं मोठं टाका, मासे नंतर निवडा.

घरी कसं जायचं तेही सांगतो. तेरावं होऊ द्या. फॉर्म पिशवीत ठेवा. सासू पुढे येऊन सांगेल, “पोटात दुखलं, नेली, गेली.” ऐकून घ्या, मग विचारा की गाडीत सोबत कोण होतं. एका पाड्यावर मला असं उत्तर मिळालं की सोबत धाकटी जाऊ होती. ती चुलीपाशी बसून होती, तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. रक्त किती वाजता जायला लागलं, तर म्हणाली, “घड्याळ नाही घरात.” मी विचारलं, मुक्कामाची एसटी आली होती का? “ती येऊन ड्रायव्हर जेवत होता.” म्हणजे रात्रीचे नऊ. आणि निघालात कधी? “तीच गाडी सकाळी परत सुटली, तिच्यातच घातली.” एसटी सहाला सुटायची. मधल्या नऊ तासांत तिने तीन लुगडी बदलली, आणि तिसरं पिळून वाळत घातलं होतं, हेही जावेनेच सांगितलं.