ऑक्सफर्ड की केंब्रिज? हाताशी एकच दिवस असेल तर

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाच आहे. मुलाकडे, मुलीकडे लंडनला गेलात आणि एक दिवस मोकळा मिळाला, तर ऑक्सफर्डला जावं की केंब्रिजला? त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी आपल्याकडच्या सगळ्यात लाडक्या उत्तराचा समाचार घेऊ. ते उत्तर म्हणजे, ‘आलोच आहोत तर दोन्ही करून टाकू!’

हे ‘करून टाकू’ फार घात करतं. दोन गावांत रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. दोघांना जोडणारी थेट रेल्वे होती, ती १९६७च्या अखेरीस बंद पडली. आज रेल्वेने जायचं तर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला परत या, लंडन ओलांडून किंग्ज क्रॉस स्टेशन गाठा आणि पुन्हा गाडीत बसा. सहलीच्या बसने गेलात तर लंडन ते ऑक्सफर्ड दीड तास, तिथून केंब्रिज दोन तास, परतीला आणखी दीड-दोन. पाच तास खिडकीत गेले. मग प्रत्येक गावाला जेमतेम दोन-अडीच तास उरतात, आणि तेही नेमके चुकीचे. ऑक्सफर्डची बरीच कॉलेजं पाहुण्यांना दुपारीच आत घेतात. क्राइस्ट चर्चचा तो प्रसिद्ध भोजनकक्ष विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या वेळी बंद असतो. तुम्ही सकाळी पोचता, दारांचे फोटो काढता, आणि दारं उघडायच्या सुमारास बस सुटते.

यामागचं कारण समजून घ्या. आपण मनात एक मोठं फाटक, आत मुख्य इमारत, असं विद्यापीठ घेऊन जातो. तिथे तसं काही नाही. ऑक्सफर्डला चाळिसाच्या आसपास आणि केंब्रिजला ३१ कॉलेजं. प्रत्येकाचं दार वेगळं, दारावरचा पोर्टर, म्हणजे राखणदार, वेगळा, वेळा वेगळ्या, तिकीट वेगळं. ‘विद्यापीठ कुठे आहे हो?’ असं विचारलंत तर खरं उत्तर एकच, तुम्ही त्याच्या मधोमध उभे आहात. आणि ही कॉलेजं म्हणजे मुलांची राहती घरं आहेत. परीक्षा आली की घराचं दार लागतं. केंब्रिजची अनेक कॉलेजं साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पाहुण्यांना पूर्ण किंवा अंशतः बंद असतात. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी तेव्हाच! नातवंडांना घेऊन मे महिन्यात गेलेली कुटुंबं बंद फाटकासमोर उभी राहतात, ती यामुळे.

जाता जाता एका प्रसिद्ध पुलाबद्दल. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, असं नदीत होडीतून फिरवताना हमखास ऐकवतात. न्यूटन गेला १७२७ साली, पूल बांधला १७४९ साली. आजचा पूल तर १९०५ साली सागवानात पुन्हा उभारलेला आहे, आणि त्याचे सांधे बोल्टांनी आवळलेले स्वच्छ दिसतात.

होडीचा विषय निघालाच आहे. ती सपाट बुडाची होडी, पंट, स्वतः चालवणार असाल तर होडी रेटायचा लांब दांडा बाजूला उभा सोडायचा, तळाला टेकला की रेटायचं आणि वर ओढण्याआधी किंचित पिळायचा. न पिळता ओढलात तर तो चिखलात रुततो. रुतलाच तर दांडा सोडून द्या, होडी सोडू नका. वल्ह्याने मागे येऊन दांडा घेता येतो. केंब्रिजमध्ये मागच्या फळ्यांवर उभं राहतात, ऑक्सफर्डमध्ये दुसरं टोक मागे करून होडीच्या आत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. तर उत्तर.

मे किंवा जूनचा पूर्वार्ध असेल, किंवा पाऊस असेल, तर ऑक्सफर्ड. त्याचं वैभव छताखाली आहे आणि त्यातलं पुष्कळसं कॉलेजांच्या परीक्षांवर अवलंबून नाही. १६८३ साली उघडलेलं अ‍ॅशमोलियन संग्रहालय आणि पिट रिव्हर्स संग्रहालय, दोन्ही फुकट. बॉडलियन ग्रंथालयाची मार्गदर्शकासह फेरी आधी आरक्षित करा. रॅडक्लिफ कॅमेरा, म्हणजे ग्रंथालयाची गोल घुमटाची इमारत, एरवी आतून दिसत नाही. गुडघे चालत असतील तर सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याच्या १२७ पायऱ्या चढा. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनच्या गाडीने गेलात तर ‘ऑक्सफर्ड पार्कवे’ला उतरू नका, गाव पुढच्या स्टेशनला आहे.

आकाश मोकळं असेल, जुलै ते सप्टेंबर असेल, तर केंब्रिज. कॉलेजांची मागची हिरवळ आणि नदी हेच तिथलं मुख्य दर्शन. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टर्म चालू असते. तेव्हा किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळची गायन-प्रार्थना विनामूल्य ऐकता येते, वेळ संकेतस्थळावर बघून आधी रांग धरा. सोमवार टाळा, फिट्झविल्यम संग्रहालय बंद असतं. आणि सेनेट हाऊस या विद्यापीठाच्या सभागृहासमोर दोन मिनिटं थांबा. गणिताच्या परीक्षेत वरच्या वर्गात आलेल्या रँग्लरांची यादी तिथे वाचली जाई. १८९९ साली त्या यादीत सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ परांजपे पहिल्या स्थानी होते. आपल्या घराघरांत पोचलेला ‘रँग्लर’ हा शब्द तिथला आहे.

गाडी किंग्ज क्रॉसचीच जलद घ्या, पन्नासेक मिनिटं लागतात; लिव्हरपूल स्ट्रीटहून जास्त वेळ जातो. ‘केंब्रिज नॉर्थ’ला जाऊ नका. मुख्य स्टेशनही गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे, म्हणून ज्येष्ठांनी बस धरावी. लंडनमधल्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड दोन्हीकडे चालत नाही. तिघं ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीची वेळ टाळून ‘ग्रुपसेव्ह’ मागा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते.